रेवतीची तारा कोणती?

टिळक पंचांग मानणाऱ्या घरी मकरसंक्रांत १० जानेवारीला येते आणि शेजारच्या घरी १४ला, हे आपल्याला नवे नाही. एखाद्या वर्षी अधिक मासच निराळा पडला, की एका घरचे गणपती दुसऱ्याच्या महिनाभर आधी बसतात. या वादामुळे व्याही व्याह्यांवर रुसले असतील. पण त्याच्या मुळाशी दोन तारे आहेत, हे फारसे बोलले जात नाही.

सूर्यसिद्धान्तात चित्रेचा ध्रुवक १८० अंश आहे, रेवतीचा ३५९ अंश ५० कला. म्हणजे दोघी जवळजवळ समोरासमोर. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६५ साली पटवर्धनी पंचांग सुरू केले, तेव्हा मीन राशीतली झीटा ही रेवतीची योगतारा मानून तिथून राशिचक्र मोजले. लोकमान्यही त्याच पक्षाचे. व्यंकटेश बापूजी केतकरांनी मात्र चित्रा पक्की धरली आणि आरंभबिंदू तिच्या बरोबर समोर ठेवला. अडचण अशी, की आकाशात या दोन तारांमधले अंतर १८० नव्हे, सुमारे १८४ अंश आहे. ते चार अंश चालायला सूर्याला चार दिवस लागतात. संक्रांतीतला फरक तो एवढाच.

आता आपल्या वेधशाळेकडे या. सवाई जयसिंहांनी अठराव्या शतकात बांधलेली ही वेधशाळा मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंद्यांनी तिचा जीर्णोद्धार केला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे अधीक्षक झाले. तिथल्या दक्षिणोत्तर भिंतीवर तारा मध्यान्ही आली, की खस्वस्तिकापासून ती किती अंश झुकली हे वाचता येते. चित्रा दक्षिणेकडे सुमारे साडेचौतीस अंशांवर येते. त्यातून उज्जैनचे अक्षांश, २३ अंश ११ कला, वजा केले, की उरते ती चित्रेची दक्षिण क्रांती, सव्वाअकरा अंशांच्या आसपास. एवढे अचूक काम चुना-दगडाची भिंत करते. पण ही तारा रेवतीच का, हे भिंत कशी सांगणार?

मग तेजाची साक्ष काढावी लागते. तेजाच्या प्रती ग्रीकांपासून चालत आल्या; पुढे मद्रास वेधशाळेचे प्रमुख झालेल्या नॉर्मन पॉगसनने १८५६ साली त्यांना गणित दिले: पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट तेज. त्या हिशेबाने चित्रा पहिल्या प्रतीची, झीटा जेमतेम पाचव्या. चित्रा सुमारे चाळीसपट तेजस्वी. इतकी मंद तारा प्राचीनांनी आरंभखूण म्हणून निवडली असेल का, हा चित्रापक्षाचा प्रश्न मला रास्त वाटतो. तरी सूर्यसिद्धान्तात रेवतीचा शर शून्य आहे आणि झीटा खरोखरच क्रांतिवृत्ताला खेटून आहे. शिवाय ब्रह्मगुप्ताने चित्रेला १८३ अंश दिले आहेत. छत्रे हवेत बोलत नव्हते.

तिसरी साक्ष वर्णपटाची. पुण्याच्या सायन्स कॉलेजात कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी १८८८ साली वेधशाळा उभारली; तिथे वीस इंची आरशाची दुर्बीण आणि वर्णपटदर्शक होता. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि सामान कोडाईकनालला गेले. पुण्याचे ते नुकसानच. हार्वर्डच्या ॲनी कॅननने वर्णपटांवरून ताऱ्यांचे वर्ग लावले. हे वर्ग मुळात तापमानाचे आहेत, हे १९२० साली मेघनाद साहांनी दाखवून दिले. चित्रा ‘बी’ वर्गातली, निळसर, पृष्ठभागी पंचवीस हजार अंशांच्या घरात तापलेली. झीटा दुर्बिणीतून पाहिली तर एकीच्या दोन होतात, एक ‘ए’ वर्गाची, दुसरी ‘एफ’.

याच साहांना १९५२ साली भारत सरकारने पंचांग सुधारणा समितीचे अध्यक्ष केले. ताऱ्यांचे तापमान ओळखणाऱ्या या माणसाला पंचांगाच्या वादात त्याचा काहीच उपयोग नव्हता. सूर्यसिद्धान्तकाराने कोणत्या तारेकडे बोट दाखवले होते, हे वर्णपटात उमटत नाही. समितीने चित्रेची बाजू घेतली आणि २१ मार्च १९५६चे अयनांश २३ अंश १५ कला ठरवले. टिळक पंचांग तरीही निघतच राहिले.

जूनच्या सुरुवातीला रात्री नऊच्या सुमारास माधव नगरच्या गच्चीवरून दक्षिणेला पाहा, चित्रा सहज दिसेल. डिसेंबरच्या सुरुवातीला त्याच वेळी झीटा डोक्यापासून साडेपंधरा अंशांवर असते. फ्रीगंजच्या दिव्यांत ती दिसायची नाही; तिच्यासाठी शिप्रेपलीकडे, अंधारात जावे लागेल.