घरगुती संगणकाचे सांधे : अल्प खर्चातील दुरुस्तीच्या इतिहासाचे एक प्रकरण

यंत्रांचा इतिहास लिहिणारे अभ्यासक बहुधा यंत्राच्या शोधापाशी आरंभ करतात आणि त्याच्या प्रसारापाशी थांबतात. विकत घेतलेले यंत्र चार-सहा वर्षांनी बिघडू लागले म्हणजे बेताच्या मिळकतीचे कुटुंब काय करते, याचा विचार क्वचितच झालेला आढळतो. घरगुती संगणकाच्या बाबतीत हा विचार विशेष अगत्याचा आहे. कारण हे यंत्र एकसंध नाही. त्याचे घटक निरनिराळ्या आयुर्मर्यादेचे असतात आणि एक निकामी झाला तरी उरलेले धडधाकट राहतात. मग तेवढा एक घटक बदलून भागते की सारेच यंत्र टाकावे लागते, हे कशावर ठरते? घटकाच्या किमतीवर, असे सहज वाटते. प्रस्तुत लेखकाच्या मते ते मुख्यतः सांध्यावर ठरते. दोन घटकांमधील जोड निर्मात्याने कोठे ठेवला, तो उघडता येतो की नाही, आणि त्या जोडाचे माप एकाच्या मालकीचे आहे की सर्वांच्या, या तीन गोष्टींत दुरुस्तीच्या खर्चाचे मर्म साठलेले आहे. कमोडोर व सिंक्लेअर यांची घरगुती यंत्रे अधिक स्वस्त होती, पण त्यांची परंपरा वेगळी असल्याने ती येथे बाजूस ठेवली आहे.

आयबीएम कंपनीने १२ ऑगस्ट १९८१ रोजी आपला वैयक्तिक संगणक जाहीर केला. केवळ १६ किलोबाइट स्मृती असलेल्या, पडदा व डिस्केट यांवाचूनच्या मूळ यंत्राची किंमत १५६५ डॉलर होती. हे यंत्र सुमारे एका वर्षात सिद्ध करावयाचे असल्यामुळे कंपनीने बाजारात मिळणारे घटक वापरले. प्रोसेसर इंटेलचा होता आणि डिस्केट चालविणारे उपकरण टँडन कंपनीचे. विस्तारासाठी पाच खाचा ठेवल्या होत्या. इतर उत्पादकांनी या खाचांत बसणारी कार्डे तयार करावीत म्हणून कंपनीने जी तांत्रिक संदर्भपुस्तिका विक्रीस ठेवली, तिच्यात विद्युत्-मंडलांचे आराखडे आणि बायॉस या मूळ आज्ञावलीचा संपूर्ण पाठही छापलेला होता. हेतू विक्रीचा होता, परंतु परिणाम असा झाला की दुरुस्ती करणाऱ्याच्या हाती यंत्राचा नकाशा आला. बायॉसचा स्वामित्वहक्क मात्र कंपनीकडेच होता. तो न मोडता त्याच वर्तनाची स्वतंत्र आज्ञावली कॉम्पॅक कंपनीने लिहवून घेतली व १९८२ च्या अखेरीस आपले यंत्र जाहीर केले. १९८४ पासून फिनिक्स कंपनीकडून अशी आज्ञावली कोणाही उत्पादकास विकत मिळू लागली. तेव्हापासून या यंत्राचा एकही सांधा कोणा एकाच्या मुठीत राहिला नाही.

या स्थितीचा लाभ प्रथम कोठे दिसला हे पाहण्यासारखे आहे. मूळ यंत्राचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॅटचा होता. डिस्केटपुरता तो ठीक होता, पण हार्ड डिस्क बसविली की अपुरा पडे. मार्च १९८३ मध्ये आलेल्या एक्सटी या यंत्रात १३० वॅटचा पुरवठा होता, आणि तो जुन्या पेटीत बसत असे. तेव्हा नवे यंत्र न घेता नुसता पुरवठा बदलून जुने यंत्र पुढे चालविणे शक्य झाले. आपल्याकडील दुकानांत ज्यास ‘एसएमपीएस’ म्हणतात तो हाच भाग. त्या काळी तो मदरबोर्डास जोडण्यासाठी दोन सारखे दिसणारे जोड असत. त्यांची अदलाबदल झाली तर बोर्ड जळून जाण्याचा धोका असे. ‘काळ्या तारा काळ्या तारांना लागून’ हा नियम कारागीर एकमेकांस तोंडी सांगत. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप प्रसिद्ध केले. त्यात दोहोंच्या जागी वीस टोकांचा एकच जोड आला आणि त्याच्या कोपऱ्यांचा आकारच असा ठेवला की तो उलटा बसू नये. कारागिराच्या तोंडी असलेले ज्ञान अशा रीतीने प्लॅस्टिकच्या आकारात उतरले, आणि हा घटक बदलण्याचे काम घरातल्या माणसाच्या आवाक्यात आले. येथेच एक विपरीत गोष्टही नमूद केली पाहिजे. काटकसर करणारे कुटुंब सर्वांत आधी याच घटकावर पैसे वाचविते. वेष्टनावरील वॅटचा आकडा फुगवून छापलेले स्वस्त एसएमपीएस बाजारात उदंड आहेत, आणि असा पुरवठा बिघडताना बोर्ड व डिस्क यांनाही बरोबर घेऊन जातो.

सांध्याचे महत्त्व सर्वांत लहान घटकाच्या उदाहरणाने सर्वांत स्पष्ट होते. १९८४ च्या एटी यंत्रापासून संगणकात घड्याळ व त्याच्या रचनेची नोंद राखणारी स्मृती आली. यंत्र बंद असताना तिला जागे ठेवण्यास सेल लागतो. एटीमध्ये तो तारेने जोडलेला, म्हणजे बदलण्याजोगा होता. पुढे अनेक उत्पादकांनी ३.६ व्होल्टचा निकेल-कॅडमियम सेल बोर्डावरच डाखला. काही वर्षांनी तो झिरपू लागे आणि त्यातील क्षार बोर्डावरील तांब्याच्या रेषा खाऊन टाकी. अल्प मोलाच्या सेलापायी मोलाचा बोर्ड जाई. डॅलस कंपनीच्या घड्याळ-घटकात तर लिथियम सेल घड्याळासह एकाच ठोकळ्यात बंद केलेला होता. त्याचे आयुष्य सुमारे दहा वर्षांचे धरलेले असे. ते संपल्यावर ठोकळा कानशीने घासून आतील टोके उघडी करणे आणि बाहेरून दुसरा सेल जोडणे, असा उद्योग जुनी यंत्रे जपणारे लोक आजही करतात. नव्वदीच्या दशकात २० मिलिमीटर व्यासाचा व ३.२ मिलिमीटर जाडीचा नाण्यासारखा सेल खोबणीत बसविण्याची रीत रूढ झाली, आणि हा प्रश्न जवळजवळ नाहीसा झाला. काम तेच आणि किंमतही किरकोळच. फरक पडला तो खोबणीमुळे.

एप्रिल १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ ही नवी मालिका आणली आणि तिच्यातील विस्तारखाचांचे माप परवान्याखाली ठेवले. निसटलेले सांधे पुन्हा ताब्यात घेण्याचा हा प्रयत्न होता. सप्टेंबर १९८८ मध्ये कॉम्पॅकसह नऊ कंपन्यांनी एकत्र येऊन निराळे माप जाहीर केले, आणि आयबीएमचे माप बाजारात रुजले नाही. मौज अशी की त्या मालिकेतील कळफलक व माउस यांचे वाटोळे जोड मात्र सर्वांनी उचलले व ते पुढे अनेक वर्षे टिकले.

मुंबईतील लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, हा या इतिहासाचा आपल्याकडील दुवा होय. १९९१ नंतर आयातीचे निर्बंध सैल होत गेले. १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान वस्तूंच्या आंतरराष्ट्रीय करारात सामील झाला आणि या वस्तूंवरील जकात टप्प्याटप्प्याने उतरली. सुटे भाग आणून जुळविलेला, ‘असेम्बल्ड’ म्हणून ओळखला जाणारा संगणक मध्यमवर्गीय घरांत शिरला तो अशा बाजारांतून. तेथील निदानाची पद्धत अभ्यसनीय आहे. कारागीर रॅमची पट्टी काढून तिची सोनेरी टोके खोडरबराने पुसतो व ती पुन्हा बसवितो. त्याने भागले नाही तर चालू असल्याची खात्री असलेली दुसरी पट्टी लावून पाहतो, मग दुसरा पुरवठा, मग दुसरी डिस्क. मोजमापाची महाग उपकरणे न वापरता केवळ अदलाबदलीने दोष हुडकण्याची ही रीत आहे, आणि सांधे उघडे व मापे समान असल्यावाचून ती संभवतच नाही. एकट्या घरात ती सहसा जमत नाही, कारण तेथे दुसरी पट्टी नसते. दुकानाचे खरे भांडवल या सुट्या, पारखलेल्या घटकांतच असते.

परंतु सांधा उघडा असूनही घटक मिळेनासा होतो, ही या व्यवहारातील दुसरी अडचण. स्मृतीच्या पट्ट्यांची माप-पिढी साधारण पाच-सात वर्षांनी बदलत आली आहे. डीडीआर-२ आणि डीडीआर-३ या दोन्हींना टोके २४०च, पण मधली खाच सरकलेली असल्याने एकीच्या जागी दुसरी बसत नाही. जुन्या पिढीचे उत्पादन थांबले की तिची नवी पट्टी दुर्मिळ होते व सरतेशेवटी नव्या पिढीच्या पट्टीहूनही महाग पडते. डिस्कच्या बाबतीत जुने बायॉस आडवे येत असे. सुमारे ५०० मेगाबाइट, पुढे सुमारे ८ गिगाबाइट, नंतर १३७ गिगाबाइट अशा मर्यादा एकामागून एक आल्या. त्यांपलीकडील डिस्क बसे, पण पूर्ण ओळखली जात नसे. सर्वांत कठीण प्रसंग बोर्ड गेल्याचा. नवा बोर्ड घेतला की त्याला नवा प्रोसेसर लागतो, त्यास नव्या पिढीची रॅम लागते, आणि एका घटकाची दुरुस्ती तीन घटकांची खरेदी होऊन बसते. १९९५ च्या सुमारास रूढ झालेल्या ‘सॉकेट ७’ मध्ये इंटेल, एएमडी व सायरिक्स या तिघांचेही प्रोसेसर बसत असत. १९९७ मध्ये इंटेलने पेंटियम-२ साठी वेगळी खाच स्वतःपुरती राखली, तेव्हा ही सोय संपुष्टात आली.

बोर्ड जाण्याचे एक सार्वत्रिक कारण २००० नंतर पुढे आले. प्रोसेसरजवळील इलेक्ट्रोलिटिक कॅपॅसिटर सदोष द्रवामुळे फुगू लागले, त्यांची माथी उकलून तपकिरी द्रव बाहेर येऊ लागला. जपानी कारखान्यातून चोरलेले अर्धवट सूत्र याच्या मुळाशी होते, ही कथा त्या वेळी वृत्तपत्रांत गाजली. ती न्यायालयात सिद्ध झालेली नाही, आणि सदोष मालात जपानी बनावटीचाही भाग होता हे पाहता ती जपूनच घेतली पाहिजे. डेल कंपनीने मे २००३ ते जुलै २००५ या काळात पाठविलेल्या किमान १ कोटी १८ लाख संगणकांना हा धोका असल्याचे पुढे न्यायालयीन कागदपत्रांतून प्रकट झाले. २००५ मध्ये कंपनीने दुरुस्तीपोटी ३० कोटी डॉलरचा भार हिशेबात दाखविला.

हे प्रकरण आमच्या प्रतिपादनास काहीसे छेद देणारे आहे, हे मान्य करावयास हवे. कॅपॅसिटर डाखलेला असतो. त्याला खोबण नाही. तरीही असंख्य बोर्ड वाचले, कारण त्या नळकांड्यावर धारकता, व्होल्ट आणि १०५ अंशांची उष्णतामर्यादा स्पष्ट छापलेली असे, आणि तशाच अंकांचा दुसरा घटक कोणत्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळे. बोर्डाच्या अनेक पदरांत उष्णता पसरत असल्याने डाख सोडविणे कष्टाचे होते, तथापि रेडिओ-दूरदर्शन दुरुस्त करणाऱ्या जुन्या कारागिरांचा हात त्याला सरावलेला होता. तेव्हा असे म्हणावे लागते की समान माप हे उघड्या सांध्याहूनही अधिक मूलभूत आहे. डाख वितळविता येतो, पण ज्या घटकाचे जोडीदार बाजारात नाहीत त्याला इलाज नाही.

हा फरक ध्यानी घेतला म्हणजे अलीकडच्या घडामोडींचा अर्थ लागतो. २००८ पासून ॲपलच्या काही लॅपटॉपांत रॅम बोर्डावरच डाखलेली येऊ लागली व इतरांनीही ती रीत उचलली. यामागे केवळ स्वार्थ पाहणे योग्य नव्हे. जलद व कमी वीज खाणाऱ्या स्मृतीला तारांचे अंतर कमीत कमी लागते, आणि लांब खोबण तेथे खरोखरच अडथळा होते. डिसेंबर २०२३ मध्ये मान्य झालेल्या सीएएमएम-२ या मापात हीच स्मृती दाबून बसविण्याच्या जोडावर स्क्रूने आवळण्याची सोय आहे. म्हणजे तांत्रिक अडचणीला उत्तर सापडत आहे.

मेजावरील संगणकाची कथा याहून सूक्ष्म आहे. इंटेलच्या सातव्या आणि आठव्या पिढीच्या प्रोसेसरांना टोके ११५१च आणि खोबणही त्याच मापाची आहे. तरीसुद्धा २०१७ मध्ये आलेली आठवी पिढी जुन्या बोर्डांवर अधिकृतपणे चालत नाही. टोकांची नेमणूक व बायॉस बदलला आहे. काही हौशी तंत्रज्ञांनी बायॉसमध्ये फेरफार करून आणि काही टोके झाकून ती चालवून दाखविली. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि इंटेलच्या बाबतीत विंडोज ११ मोजके अपवाद वगळता आठव्या पिढीपासून पुढेच मान्य आहे. त्यामुळे सातव्या पिढीचे निर्दोष यंत्र बाळगणाऱ्या कुटुंबास अधिकृत मार्गाने पुढे जावयाचे तर प्रोसेसर व बोर्ड दोन्ही घ्यावे लागतात. डीडीआर-४ ची पट्टी, डिस्क, एसएमपीएस व पेटी तेवढी वाचतात. याच काळात एएमडीने २०१६ मध्ये आणलेली ‘एएम-४’ ही खोबण चालू ठेवली आणि २०२२ मध्ये पहिल्या पिढीच्या बोर्डांनाही ५००० मालिकेचे प्रोसेसर स्वीकारता यावेत म्हणून नवे बायॉस उपलब्ध करविले. तो बोर्ड घेतलेल्या घरास पाच वर्षांनंतर केवळ प्रोसेसर बदलून भागले.