गाडी मोजायची की माणसं?

जयगडहून तवसाळला जाणाऱ्या फेरीबोटीवर गाडीचं तिकीट वेगळं आणि आत बसलेल्या माणसांचं वेगळं. प्रवाशाला यात विशेष काही वाटत नाही. पण एका गाडीमागे किती माणसं खाडी ओलांडतात, याची नोंद त्या हिशोबात रोज आपोआप होत असते. शहरांत हाच आकडा मिळवायला चौकाचौकांत माणसं उभी करावी लागतात.

एकाच वाहनातून अनेकांनी जाणं या किनाऱ्याला नवं नाही. शास्त्री नदी समुद्राला मिळते तिथे जयगडचा किल्ला आहे, आणि त्याच्या पायथ्याचं बंदर बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीच्या आगबोटींचा एक थांबा होतं. मुंबईहून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी असा तो मार्ग, पावसाळ्यात बंद. किनाऱ्यावरच्या बहुतेक बंदरांत आगबोट लागेल असा धक्का नव्हता. ती खोल पाण्यात नांगर टाके आणि पडाव उतारूंना आणायला जात. गिरणीतला कामगार, बाळंतपणाला माहेरी निघालेली लेक, ट्रंका, करंड्या, सगळं त्या एका पडावात. कुणाला बोट लागली तर शेजारचा अनोळखी माणूस पाणी देई.

या आठवणी जिव्हाळ्याच्या आहेत, पण अपुऱ्या. 17 जुलै 1947 रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ ही आगबोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. वाहन भरलं म्हणजे सोय झाली असं नव्हे. सहप्रवासाची कुठलीही योजना तपासताना माथी मोजण्याबरोबर वेळ, खर्च आणि सुरक्षितताही मोजली पाहिजे, हे कोकणाने फार मोठी किंमत देऊन पाहिलं आहे.

मग मोजायचं कसं? जकार्तात काही मोठ्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी गाडीत किमान तिघे असण्याची सक्ती होती. 2016 मध्ये ती अचानक उठली. संशोधकांनी गूगल मॅप्सवरून प्रवासाला लागणारा वेळ आधीपासून टिपायला घेतला होता. संध्याकाळी प्रत्येक किलोमीटरमागचा खोळंबा 2.8 मिनिटांवरून 5.3 मिनिटांवर गेला. नियम नसलेल्या रस्त्यांवरही कोंडी वाढली. आधीची नोंद हाताशी नसती, तर नुसती मतमतांतरंच उरली असती.

अशा तपासणीची शिस्त मराठी माणसाला परकी नाही. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे आणि त्यांचे सहकारी व्ही. जी. पानसे यांनी पिकांचा अंदाज घेण्यासाठी शेतं नजरेने निवडायची नाहीत, ती योगायोगावर सोडायची, ही रीत देशात रुजवली. चांगलं दिसणारं शेत निवडलं की उत्पन्न फुगतं. सहप्रवासाचंही तसंच: ज्यांना मुळातच एकत्र जायचं आहे तेच योजनेत नाव नोंदवतात, आणि यश योजनेच्या नावावर जमा होतं.

तवसाळच्या फेरीवर हे टाळणं अवघड नाही. समजा, चार माणसांच्या गाडीला सवलत द्यायची आहे. कोणत्या आठवड्यांत द्यायची हे चिठ्ठ्या टाकून ठरवावं, आणि सवलतीच्या व बिनसवलतीच्या आठवड्यांतली माणसं-गाड्यांची तिकिटं शेजारी ठेवून पाहावीत. मात्र गणपती आणि शिमग्याचे दिवस वेगळे काढायला हवेत. तेव्हा सवलत असो-नसो, चाकरमानी गाडी भरूनच येतो.

आता रेवस-रेडी सागरी महामार्गात जयगडच्या खाडीवर पूल आखलेला आहे. तो हवाच, रात्री-अपरात्री दवाखाना गाठणाऱ्याला फेरीची वाट पाहणं परवडत नाही. पण पुलावरून गाडी थेट निघून जाईल आणि आतल्या माणसांचं तिकीट कुणी फाडणार नाही. तेव्हा पूल होण्याआधीच फेरीची ही तिकिटं वर्षवार लावून, गाड्या आणि माणसं वेगळी मांडून, एका वहीत उतरवून ठेवायला हवीत.