वळवाचं वारं आणि उजनीची होडी

करमाळ्याच्या इतिहासाचा विषय निघाला, की बोलणं कमलाभवानीचं देऊळ आणि 96 पायऱ्यांच्या विहिरीपाशी थांबतं. तालुक्याच्या भीमेकडच्या अंगाला पसरलेलं उजनीचं पाणी हाही इतिहासच आहे. वळवाच्या दिवसांत तर मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

माढा तालुक्यातलं उजनी धरण 1980 साली पूर्ण झालं. नदीकाठची गावं उठली, शेतं पाण्याखाली गेली. करमाळा आणि इंदापूर तालुक्यांमध्ये जिथे नदीचं पात्र होतं, तिथे अफाट जलाशय झाला. समोर दिसणाऱ्या गावाला रस्त्याने जायचं तर मोठा वळसा पडू लागला. मग सोयरेधायरे, दवाखाना, बाजार, सगळं होडीवर आलं.

वळीव धरणाआधीही यायचा. पण तेव्हा त्याच्या वाटेत एवढं उघडं पाणी नव्हतं. 21 मे 2024 च्या संध्याकाळी कुगाव आणि कळाशी या गावांदरम्यान प्रवासी होडी वादळात उलटली. सात जणांपैकी एक पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत लहान मुलंही होती. त्या उन्हाळ्यात उजनीचा साठा उणे पातळीत होता. तरीही बुडण्याइतकं पाणी होतंच.

वळवाचा खरा धोका पावसाच्या आधी येतो. तापलेल्या दुपारनंतर ढग उंच चढतो, त्यातली गार हवा वेगाने खाली कोसळते आणि जमिनीलगत चौफेर पसरते. उघड्या पाण्यावर तिला अडवायला झाड नाही, बांध नाही. म्हणून ‘पाऊस लागायच्या आत पलीकडे पोहोचू’ हा हिशेब चुकतो. ढग काळवंडला, गार झुळूक लागली, की होडी सोडूच नये. जॅकेट होडीत नव्हे, अंगावर हवं. गडगडाट ऐकू आला, की झाडाखाली न थांबता पक्क्या घरात जावं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या हवामान संस्थेचं ‘दामिनी’ अ‍ॅप जवळपासच्या विजेची सूचना देतं.

पण सगळा भार प्रवाशाच्या शहाणपणावर टाकणं मला पटत नाही. धरणासाठी ज्यांच्या गावांच्या वाटा बुडाल्या, त्यांना पूल मिळणं हा पुनर्वसनाचाच राहिलेला भाग आहे. तोवर वारं सुटलेल्या संध्याकाळी काठावरच्या कुणीतरी होडीवाल्याला ‘आज राहू द्या’ म्हणायला हवं.