स्टेथोस्कोपला न ऐकू येणारे हृदय

शाळेच्या संघात नाव घालण्यापूर्वी डॉक्टरांचा दाखला आणावा लागतो, ही रीत अनेक देशांत आहे. उंची, वजन, रक्तदाब, छातीवर क्षणभर स्टेथोस्कोप आणि सही. मात्र मैदानावर अकस्मात कोसळणाऱ्या मुलाचे हृदय आदल्या दिवशीही बहुधा बिनतक्रार धडधडत असते.

इटलीने १९७१ साली खेळाडूंच्या आरोग्यरक्षणाचा कायदा केला आणि १९८२ च्या आदेशाने स्पर्धेत उतरणाऱ्या प्रत्येकाला, मग तो शाळकरी पोर का असेना, ईसीजीसह तपासणी सक्तीची केली. दाखला नाही, तर स्पर्धा नाही.

पादुआच्या संशोधकांनी व्हेनेतो प्रांतातील १२ ते ३५ वयाच्या खेळाडूंची नोंद ठेवली. १९७९-८० मध्ये दर लाखामागे वर्षाला ३.६ खेळाडू हृदयविकाराने अचानक दगावत. २००३-०४ मध्ये हे प्रमाण ०.४ वर आले. तपासणी न झालेल्या, न खेळणाऱ्या समवयस्कांत असा फरक पडला नाही. हृदयाचा स्नायू जाड होण्याचा विकार ज्यांच्यात सापडला, त्यांतील बहुतेकांचा तो केवळ विचारपूस आणि स्टेथोस्कोप यांवर हाती लागलाच नसता.

याची किंमतही होती, आणि ती मोजली ती मुलांनी. पादुआच्या केंद्रात १९८२ ते २००४ या काळात ४२,३८६ खेळाडू तपासले गेले. ८७९ जणांना हृदयाच्या कारणास्तव स्पर्धा सोडाव्या लागल्या. त्यांतील किती जण खेळत राहूनही सुखरूप जगले असते, हे कोणतेही यंत्र सांगू शकत नाही.

इस्रायलनेही १९९७ मध्ये तशीच सक्ती केली. तिथल्या संशोधकांनी १९८५ पासूनची वर्तमानपत्रे चाळून मृत्यू मोजले, तर कायद्यापूर्वी लाखामागे २.५४ आणि नंतर २.६६! त्यांचा आक्षेप रास्त होता: असे मृत्यू मुळातच विरळ, त्यांची संख्या दरवर्षी वरखाली होते, कायद्याआधीची दोनच वर्षे तुलनेला घेतली, तर घट भासणारच. इटलीच्या तुलनेचा पायाही तेवढाच अरुंद होता. अर्थात वर्तमानपत्रात न आलेला मृत्यू इस्रायलच्याही हिशेबात नाही.

अमेरिकी हृदयसंघटनेने १९९६ मध्ये ईसीजी सरसकट नको असे ठरवून प्रश्नावली आणि शारीरिक तपासणीवर भर दिला. घराण्यात कोणी पन्नाशीपूर्वी हृदयविकाराने गेले का, हा तिथला एक कळीचा प्रश्न. पोराला पुष्कळदा ते ठाऊकच नसते. म्हणून उत्तरे आईवडिलांकडून पडताळून घ्यावीत, अशी शिफारस त्यासोबतच आहे.