खाऱ्या पाण्यातली प्रकाशरसायने : प्रस्तावना

१९७२च्या उन्हाळ्यात जपानच्या सेतो अंतर्समुद्रात शॅटोनेला नावाचे सूक्ष्म शैवाल बेसुमार माजले आणि हारिमा-नादा भागात पिंजऱ्यांत पाळलेले सुमारे १ कोटी ४० लाख यलोटेल मासे मेले. त्याच वर्षी फुजिशिमा आणि होंडा यांचा, टायटॅनियम डायऑक्साइड व प्रकाश यांच्या साहाय्याने पाण्याचे विघटन करण्याविषयीचा लेख ‘नेचर’मध्ये आला. या दोन घटनांची गाठ पुढे पडली, ती या पुस्तकाचा विषय.

प्रकाश-उत्प्रेरकाने असे शैवाल मारण्याचे तत्त्व सोपे आहे. टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणावर अतिनील प्रकाश पडला की त्यातला इलेक्ट्रॉन सुटतो, मागे पोकळी राहते आणि लगतच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल मूलक तयार होतो. तो समोर येईल त्याच्यावर तुटून पडतो. शॅटोनेलाला कठीण पेशीभित्ती नाही; तिचे नाजूक आवरण फाटते नि आतला ऐवज बाहेर सांडतो. गंमत अशी, की हे शैवाल स्वतःही सुपरऑक्साइड सोडत असते.

नवख्याची फसगत होते ती पुढे. गोड्या पाण्यात चोख निकाल देणारा उत्प्रेरक समुद्राच्या पाण्यात मंदावतो. ठपका बहुधा क्लोराइडवर येतो, कारण ते लिटरमागे १९ ग्रॅम असते. पण समुद्राचा पीएच ८च्या आसपास, आणि तिथे क्लोराइडने पकडलेला मूलक बहुतांशी पुन्हा सुटतो. खरा चोर ब्रोमाइड, लिटरमागे जेमतेम ६५ मिलिग्रॅम! शिवाय त्यातून ब्रोमेट, ब्रोमोफॉर्म अशी नको ती संयुगे उद्भवू शकतात. ज्या शोधनिबंधात पाण्याची क्षारता दिलेली नाही, त्याच्या आलेखांवर मी तरी विसंबत नाही.

पेशी मारून काम संपत नाही. फ्लोरिडाच्या किनाऱ्यावरचे कॅरेनिया ब्रेव्हिस हे शैवाल फुटले, की ब्रेव्हेटॉक्सिन हे विष पाण्यात मोकळे होते. ते मोडेपर्यंत प्रक्रिया चालूच ठेवावी लागते.

उघड्या समुद्रात भुकटी फवारण्याचे बेत मला पटत नाहीत. सूर्यप्रकाशातला अतिनील भाग मुळात थोडा, गढूळ पाण्यात तो खोल जात नाही आणि मूलक शैवाल नि माशांची अंडी असा भेद करत नाही. जहाजांचे बॅलास्ट पाणी, मत्स्यबीज केंद्रात आत घेतले जाणारे पाणी, अशा बंदिस्त ठिकाणीच या तंत्राला खरा वाव आहे. दृश्य प्रकाशावर चालणाऱ्या ग्राफिटिक कार्बन नायट्राइड या उत्प्रेरकाची चर्चाही त्याच संदर्भात केली आहे.

रसायनशास्त्राकडून येणाऱ्यांनी आधी शैवालांचे प्रकरण वाचावे, जीवशास्त्राकडून येणाऱ्यांनी मूलकांचे. ब्रोमाइडचे प्रकरण मात्र कुणीच गाळू नये.