मिथेन, निकेल आणि ऑक्साइडचा आधार

युरिया खताच्या निर्मितीचा आरंभ मिथेन वायूच्या विघटनाने होतो. ज्या उत्प्रेरकावर हे विघटन घडते, त्यात निकेल धातूचे सूक्ष्म कण ॲल्युमिनासारख्या ऑक्साइडवर पसरलेले असतात. मिथेन फुटतो तो धातूवर. मात्र उत्प्रेरक किती काळ कार्यक्षम राहील, हे बऱ्याच अंशी त्याखालील ऑक्साइड ठरवतो.

महाराष्ट्रात या रसायनशास्त्राचे सर्वांत ठळक उदाहरण रायगड जिल्ह्यात आहे. १९७४ मध्ये मुंबई हायचा शोध लागल्यानंतर नैसर्गिक वायूवर आधारित उद्योगांना चालना मिळाली. अलिबागजवळील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा अमोनिया व युरिया प्रकल्प १९८० च्या दशकात उभा राहिला. नैसर्गिक वायूचा मुख्य घटक मिथेन हाच होय.

मिथेन सहज का फुटत नाही?

मिथेनच्या रेणूत एका कार्बन अणूभोवती हायड्रोजनचे चार अणू सममितीने बांधलेले असतात. त्यातील पहिला बंध तोडण्यासाठी प्रति मोल सुमारे ४३९ किलोज्यूल ऊर्जा लागते. निकेलच्या पृष्ठभागावर हे काम सुकर होते. रेणूतील हायड्रोजनचे अणू एकामागून एक सुटून धातूला चिकटतात आणि शेवटी कार्बन उरतो. वाफेच्या विघटनातून आलेला ऑक्सिजन या कार्बनशी संयोग पावतो. अशा रीतीने मिथेन व पाणी यांच्या प्रत्येकी एका रेणूपासून कार्बन मोनॉक्साइडचा एक आणि हायड्रोजनचे तीन रेणू तयार होतात.

ही प्रक्रिया उष्णता शोषून घेणारी असल्याने उत्प्रेरकाने भरलेल्या नळ्या भट्टीत बाहेरून तापवाव्या लागतात. नळ्यांतून बाहेर पडणाऱ्या वायूचे तापमान साधारणपणे ८०० अंश सेल्सियसच्या आसपास असते. पुढे हवेतील नायट्रोजनशी हायड्रोजनचा संयोग होऊन अमोनिया मिळतो. कार्बन मोनॉक्साइडचे रूपांतर कार्बन डायऑक्साइडमध्ये करून तोच अमोनियाबरोबर युरियासाठी वापरला जातो.

कार्बनचे संकट

ज्या टप्प्यात हायड्रोजन मिळतो, त्याच टप्प्यात उत्प्रेरकाच्या नाशाचे बीजही असते. पृष्ठभागावरील कार्बनला वेळीच ऑक्सिजन मिळाला नाही, तर तो निकेलमध्ये विरघळतो आणि कणाच्या दुसऱ्या बाजूस तंतूच्या रूपाने वाढू लागतो. हे तंतू निकेलचा कण आधारापासून उचलतात, उत्प्रेरकाच्या गोळ्या फोडतात आणि नळ्या तुंबवतात. हे टाळण्यासाठी कारखान्यांत वायूतील कार्बनच्या साधारण तिप्पट प्रमाणात वाफ सोडली जाते. गंधकाचा अंशही निकेलला निष्क्रिय करतो. म्हणून वायू आधी झिंक ऑक्साइडवरून नेऊन शुद्ध केला जातो.

आधाराची भूमिका

ऑक्साइडमुळे निकेलचे कण परस्परांपासून दूर राहतात. ते एकत्र येऊन मोठे झाले, तर उपयुक्त पृष्ठभाग घटतो आणि कार्बनचे तंतूही अधिक सहज वाढतात. ॲल्युमिनाचा आम्लधर्म कार्बन साचण्यास पोषक ठरतो. म्हणून त्यात मॅग्नेशिया, कॅल्शियम किंवा पोटॅशियमची संयुगे मिसळतात. ती वाफ व कार्बन डायऑक्साइड पृष्ठभागावर धरून ठेवतात. सिरियासारखे ऑक्साइड आपल्या जाळीतील ऑक्सिजनच देऊ करतात. उलटपक्षी, अतितप्त अवस्थेत निकेल ॲल्युमिनाशी संयोग पावून निकेल ॲल्युमिनेट बनले, तर तो धातू प्रक्रियेसाठी उपलब्ध राहत नाही.

पुण्यातील संशोधन

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. आर. चौधरी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या विषयावर प्रदीर्घ काम केले. १९९३ मध्ये त्यांनी निकेल-ॲल्युमिनावर मिथेनचे अंशतः ऑक्सिडीकरण तुलनेने कमी तापमानात घडवून आणल्याचे प्रसिद्ध केले. वाफेच्या प्रक्रियेच्या उलट, यात उष्णता बाहेर पडते. निकेल बसवण्यापूर्वी आधारावर मॅग्नेशिया, कॅल्शियम ऑक्साइड किंवा दुर्मिळ मृदा ऑक्साइडचा लेप दिल्यास उत्प्रेरकाची क्रियाशीलता मोठ्या प्रमाणात वाढते, असे त्यांनी १९९५ मध्ये दाखवले. धातू तोच राहिला. बदलला तो त्याच्या खालचा थर.

पुढील आव्हान

वाफेऐवजी कार्बन डायऑक्साइड वापरून मिथेनचे रूपांतर करता येते. त्यात दोन्ही हरितगृह वायू खर्ची पडतात. परंतु कार्बन साचण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मिथेनची तापमानवाढीची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ ते ३० पट आहे. सीएनजी वाहनांच्या धुरातील न जळलेला मिथेन जाळण्यासाठी ॲल्युमिनावरील पॅलेडियम वापरले जाते. मात्र धुरातील पाण्याची वाफ त्याची क्रियाशीलता कमी करते. त्यामुळे स्वस्त, टिकाऊ आणि कार्बनला दाद न देणारा आधार शोधणे, हेच या संशोधनाचे मुख्य उद्दिष्ट राहिले आहे.