दीड टनाचा थंडावा

गेल्या वैशाखातली गोष्ट. नांदेडच्या आमच्या शाळेत सातवीतल्या एका मुलाने विचारले, "सर, आमच्या घरी दीड टनाचा एसी आणला. उचलायला माणसे दोनच होती. मग दीड टन वजन गेले कुठे?" वर्ग खो-खो हसला. मला मात्र हसता येईना, कारण उत्तर मलाही ठाऊक नव्हते. घरी येऊन पुस्तके धुंडाळली, तेव्हा कळले की हा टन यंत्राचा नव्हेच, बर्फाचा आहे!

पूर्वी अमेरिकेत गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून विकत. १८३३ साली तो जहाजातून थेट कलकत्त्यास आला, पुढे मुंबईलाही येऊ लागला. मग थंडावा करणारी यंत्रे निघाली. पण लोकांच्या डोक्यातले माप बर्फाचेच राहिले. २००० पौंड, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ वितळताना चोवीस तासांत जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता तितक्याच वेळात खोलीबाहेर टाकणारे यंत्र एक टनाचे. आणखी मौज अशी, की १९०२ साली विलिस कॅरिअर या तरुण इंजिनिअरने ब्रुकलिनमध्ये अशा यंत्रणेची आखणी केली ती माणसांसाठी नव्हे, छापखान्यातल्या कागदासाठी. दमट हवेने कागद फुगे आणि रंगावर रंग बसेना!

आमच्या मराठवाड्याची परिभाषा याहून जुनी. दारावरचा वाळ्याचा पडदा भिजवला की पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता जाई. आजचा कूलर तेच करतो. म्हणूनच तो आमच्या कोरड्या उन्हाळ्यात चालतो आणि मुंबईच्या दमट हवेत हात टेकतो.

पण खरा शब्द माळवद. माझे आजोळ लातूरकडचे, औसा तालुक्यातले. दगडमातीच्या दोन-अडीच फुटी भिंती, वर लाकडी तुळया, फळ्या आणि त्यांवर दीड-दोन फूट पांढरी माती. दुपारचे ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र होई. सवण्यातून उजेडाचा एक कवडसा पडे, त्याखाली आम्ही मुले आंबे खात बसू. थंडीत तेच माळवद ऊब देई. आजी म्हणे, "माळवद म्हणजे दुसरी आईच."

३० सप्टेंबर १९९३. गणपती विसर्जनाची रात्र सरत होती. पहाटे चारच्या सुमारास किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली. हजारो माणसे झोपेतच गेली. त्यांतली बहुतेक दगडामातीच्या ढिगाखाली सापडली. दहा फूट लांब, दहा फूट रुंद खोलीवर दीड फूट माती घातली की तिचे वजन सहा-सात टन भरते. हा टन मात्र बर्फाचा नव्हता.

आजोळचे घरही पडले. आजी त्या रात्री अंगणात निजली होती म्हणून वाचली. पुढे बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, सिमेंटची घरे उभी राहिली. आजी मात्र अखेरपर्यंत पत्र्याखालीच निजली. वैशाखात तो पत्रा भाजून काढी. "आज्जी, उकडत नाही का?" मी विचारी. ती म्हणे, "उकडू दे. उकाड्यानं माणूस दबत नाही."

दुसऱ्या दिवशी फळ्यावर मी दोन्ही हिशेब मांडले, बर्फाचा आणि मातीचा. वर्ग हसला नाही. तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, मग वजनाशिवाय थंडावा मिळतच नाही का?"

मिळतो. चुन्याने पांढरी केलेली गच्ची बरेचसे ऊन परतवते. येत्या फाल्गुनात मी आमच्या स्लॅबवर चुना फासणार आहे, आणि दाराला वाळ्याचा पडदा लावणार आहे. दोहोंचे मिळून वजन, मी एकटा उचलीन इतकेच.